जर्नल भरले, पण प्रश्न विचारता येतो का?

वाचकहो, मागच्या पावसाळ्यात एका रविवारी आम्ही एका जुन्या स्नेह्यांच्या घरी गेलो होतो. दोन खोल्यांचे घर. भाऊ नगरपालिकेच्या सफाई खात्यात, वहिनी दोन ठिकाणी स्वयंपाकाची कामे करतात. दार उघडेच होते. आत पाऊल ठेवतो तोच थोरल्या मुलीने ओठांवर बोट ठेवले. "जयभीम काका, पाच मिनिटे बसा. रीडिंग चालू आहे."

खोलीच्या मधोमध स्टुलावर भिंतीवरचा आरसा काढून उभा केला होता. त्याच्यासमोर वहिनी पेन्सिल धरून बसल्या होत्या. कागदावर दुहेरी रेघांची एक चांदणी काढलेली, आणि कागद थेट दिसू नये म्हणून मध्ये वहीचा पुठ्ठा आडवा धरलेला. आरशात बघून त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. ऐकायला सोपे वाटते, पण वाचकांनी एकदा करून पाहावे. हात पुढे न्यावा तर आरशात तो मागे येताना दिसतो. पन्नास माणसांच्या पोळ्या लाटणाऱ्या बाईचा हात त्या चांदणीच्या पहिल्याच टोकाशी अडला, आणि वहिनी इतक्या हसल्या की पोरीने पुन्हा पहिल्यापासून घड्याळ लावले.

मुलगी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. हा त्यांच्या प्रॅक्टिकलचा प्रयोग. आधी उजव्या हाताने चांदणी काढायची आणि किती वेळ लागला, किती वेळा रेघ ओलांडली ते लिहायचे. मग डाव्या हाताने बरेच वेळा सराव करायचा. शेवटी पुन्हा उजव्या हाताने काढायची. उजव्या हाताला मधे काहीच सराव नाही, तरी त्याचा वेळ कमी होतो. म्हणजे एका हाताने शिकलेले दुसऱ्या हाताला उपयोगी पडते, असा निष्कर्ष लिहायचा आणि जर्नलवर सही घ्यायची.

"पण हा प्रयोग तर तुझा कॉलेजात होऊन गेला असेल. घरी पुन्हा कशाला?" आम्ही विचारले.

तिने जे सांगितले त्यासाठीच हा लेख आम्ही लिहीत आहोत.

ती म्हणाली, "काका, उजव्या हाताने दुसऱ्यांदा काढताना वेळ कमी लागला, तो डाव्या हाताच्या सरावामुळेच हे कशावरून? एकदा चांदणी काढून झाली होतीच की. नुसती दुसरी खेप म्हणूनही सुधारेल. म्हणून मी मावशीला बसवले."

मावशी शेजारच्या गल्लीत राहतात. त्यांना आधी उजव्या हाताने चांदणी काढायला लावली. मग वहिनींना डाव्या हाताच्या सरावाला जितका वेळ लागला होता तितका वेळ मावशींना नुसते बसवून ठेवले. मावशींनी वेळ जावा म्हणून लसूण सोलायला घेतला, तर हिने तोही काढून घेतला, कारण लसूण सोलण्यातही हात चालतो! मग पुन्हा चांदणी. मावशींचाही वेळ कमी झाला. वहिनींचा जास्त झाला होता, मावशींचा थोडा, पण झाला.

"म्हणजे आईची सगळी सुधारणा डाव्या हाताच्या खात्यावर मांडता येत नाही," पोरगी म्हणाली. लगेच तिनेच पुढे जोडले, "आणि काका, दोघीच आहेत. आईचा हात रोजच्या कामाने बसलेला, मावशीला चष्मा लागलाय. दोघींवरून काय सांगणार?"

आम्ही भाऊंकडे पाहिले. भाऊ गप्प. मग म्हणाले, "हे सगळं तिनं कॉलेजात सांगितलं. तिथं तिला म्हणाले, पुस्तकात जसं दिलंय तसं लिहा, फाटे फोडू नका."

महाविद्यालयाचे नाव आम्ही देत नाही. एका ठिकाणाला नाव ठेवण्याने काही साधत नाही. तिथल्या प्राध्यापकांच्या टेबलावरही जर्नलांचा ढीग असतो आणि दुसऱ्या दिवशी पुढची तुकडी उभी असते, हेही खरे. पण त्या घरात जे ऐकले ते मनातून गेले नाही. तिच्या वर्गातल्या काही मुलींनी प्रयोग न करताच, घरी बसून, पुस्तकातल्या तक्त्याशी जुळतील असे आकडे 'बसवले' होते. त्यांचे जर्नल लगेच सर्टिफाय झाले. हिच्या जोडीदारणीचे खरे रीडिंग मात्र पुस्तकाप्रमाणे आले नव्हते, म्हणून हिला तक्ता पुन्हा करायला सांगितला. खरे लिहिणारीचे मार्क कमी आणि बसवून लिहिणारीचे पूर्ण! आणि संशोधनातला जो सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, तुलना कोणाशी, तो जिला स्वतःहून सुचला तिच्यासाठी मार्कांच्या तक्त्यात रकानाच नाही.

ज्या गोष्टीसाठी हिने मावशीला बसवले तिला शास्त्राच्या भाषेत नियंत्रित गट म्हणतात. ज्यांना सराव दिला तो प्रायोगिक गट, ज्यांना दिला नाही तो नियंत्रित गट. ही व्याख्या वर्गातल्या प्रत्येक मुलीला पाठ आहे. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक विचारतात, स्वतंत्र चल म्हणजे काय, आश्रित चल म्हणजे काय. मुली घडाघडा सांगतात. एखादी मराठी माध्यमातली मुलगी इंग्रजी शब्दावर अडखळली तर तिचे मार्क जातात. मग परीक्षा कशाची झाली? पाठांतराची झाली, थोडी इंग्रजीची झाली. संशोधन करता येते का, ते कुणी पाहिलेच नाही.

आर.टी.ओ.त मोटरसायकलचे लायसन्स काढायला गेलेल्या माणसाला क्लचची व्याख्या विचारून सोडत नाहीत. मैदानात 'आठ' काढायला लावतात. पाय खाली टेकला की नापास. मानसशास्त्राच्या पदवीचा असा 'आठ' कोणता?

आमच्या मते तो आपल्या दारातच उभा असतो. गुबुगुबु वाजले की लहानपणी आम्ही धावत बाहेर जायचो. नंदीबैलवाला विचारायचा, "यंदा पाऊस पडेल का? बाईच्या पोराला नोकरी लागेल का?" आणि बैल मान हलवायचा. आता हाच प्रश्न परीक्षेत घाला. बैलाला प्रश्न समजतो असे मालक म्हणतो, ते खरे आहे की नाही हे तुम्ही कसे तपासाल?

जो विद्यार्थी लिहील, "ही अंधश्रद्धा आहे, बैलाला काही कळत नाही," त्याला किती मार्क द्यायचे? आमच्या वाचकांना आवडणार नाही, पण आम्ही शून्य देऊ. त्याचे उत्तर बरोबर आहे, पण ते त्याला आधीच ठाऊक होते. तपासणी त्याने केलीच नाही. विचारले होते की कसे तपासाल.

हा प्रश्न आम्ही हवेतून काढलेला नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत, बर्लिन शहरात, विल्हेल्म फॉन ऑस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाकडे हान्स नावाचा घोडा होता. बेरीज विचारली की तो खूर आपटून उत्तर देई. सात आले तर सात वेळा. मालक लबाड नव्हता, पैसेही घेत नव्हता. 1904 साली जाणकारांची एक समिती नेमली गेली. तिला फसवणुकीची एकही खूण सापडली नाही. नुसत्या संशयाने तिथे काम भागणार नव्हते. मग ऑस्कार फुंग्स्ट या तरुण अभ्यासकाने पद्धतशीर काम हाती घेतले. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल असे प्रश्न त्याने रचले. घोडा चुकू लागला. विचारणारा घोड्याला दिसणार नाही अशी व्यवस्था केली. घोडा पुन्हा चुकला. तेव्हा कळले की बरोबर आकड्यापर्यंत खूर पोहोचला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलते, आणि घोडा ती खूण पाहून थांबतो. 1907 साली फुंग्स्ट यांनी हे प्रसिद्ध केले. गंमत म्हणजे, हे गुपित कळल्यावरही स्वतः फुंग्स्ट यांना आपले डोके हलण्याचे पूर्ण थांबवता आले नाही!

म्हणजे घोडा हुशारच होता, फक्त गणितात नव्हता. आपला नंदीबैलही तसाच. त्या बिचाऱ्या भटक्या माणसाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. मुक्या जनावराला खुणेवर मान हलवायला शिकवणे हे त्याचे कसब आहे आणि त्यावर त्याची चूल पेटते. पण परीक्षेच्या दृष्टीने पाहा. जी मुलगी लिहील की मालकाला बाजूला करा, दुसऱ्याला विचारू द्या, ज्याचे उत्तर 'नाही' आहे असेही प्रश्न विचारा, मालकाला ऐकू जाणार नाहीत असे विचारा, प्रत्येक वेळचे उत्तर लिहून ठेवा आणि नुसत्या अंदाजाने किती बरोबर आले असते त्याच्याशी ताडून पाहा, तिने 'आठ' काढला. या उत्तराला इंग्रजी लागत नाही, गाईड लागत नाही. आणि वर्गात न शिकवलेले उदाहरण असल्यामुळे कुणाची वही उतरवूनही ते येत नाही.

अशी अनोळखी उदाहरणे देऊन तपासण्याचे काम अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात फार निगुतीने झाले आहे. जेफ्री फाँग, डेव्हिड क्रान्झ आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1986 साली जे प्रसिद्ध केले त्यातला एक प्रयोग आम्हाला फार आवडला. संख्याशास्त्राच्या वर्गात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी घरी फोन केले. परीक्षा आहे असे सांगितलेच नाही! खेळांविषयी लोकांची मते गोळा करतो आहोत, असे सांगितले. काहींना वर्ग सुरू होताना फोन केला, काहींना वर्ग संपत आल्यावर. एकाच मुलाला दोनदा विचारले तर त्याला प्रश्न आठवेल, म्हणून वेगवेगळ्या मुलांना.

एक प्रश्न त्यांच्याकडच्या बेसबॉलचा होता. त्या खेळात दरवर्षी सर्वोत्तम नवोदित खेळाडू निवडतात, पण तो दुसऱ्या वर्षी बहुधा तितका चमकत नाही. असे का? आपल्याकडे क्रिकेटमध्ये हेच विचारता येईल. पहिल्याच मालिकेत खोऱ्याने धावा काढणारा नवा फलंदाज पुढच्या मालिकेत का ढेपाळतो? पानपट्टीवर उत्तर तयार असते, डोक्यात हवा गेली, जाहिराती करायला लागला. असेलही. पण दुसरे एक साधे कारण आहे. ज्यांचे त्या वर्षी सगळेच जुळून आले, झेल सुटले, खेळपट्ट्या चांगल्या मिळाल्या, त्यांच्यातूनच तर 'सर्वोत्तम' निवडला जातो. दरवर्षी सगळे जुळून येत नाही. डोक्यात हवा न जाताही धावा उतरतील. जे विद्यार्थी वर्गाच्या शेवटी फोनवर भेटले त्यांच्यात हे दुसरे कारण सांगणारे जास्त निघाले. सगळ्याच प्रश्नांत असा फरक पडला नाही हेही सांगितले पाहिजे, पण पडला. वर्गात शिकलेले घरी, फोनवर, खेळाच्या गप्पांत वापरले गेले. याला शिकणे म्हणतात.

पुढे डॅरिन लेहमन आणि निस्बेट यांनी 1990 साली याहून मोठा अभ्यास मांडला. पदवीच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला आणि पुन्हा चौथ्या वर्षी तपासले. आता चार वर्षांनी कुणीही थोडे शहाणे होणारच. मग ते शहाणपण मानसशास्त्राचे की वयाचे? वाचकांच्या ध्यानात आले असेल, हा तर आमच्या पोरीचाच प्रश्न! म्हणून त्यांनी एका विषयाचे विद्यार्थी घेतले नाहीत. मानसशास्त्र आणि इतर समाजशास्त्रे, निसर्गविज्ञाने, साहित्य-तत्त्वज्ञानासारखे विषय अशा सगळ्यांना तेच तपासले. रोजच्या जीवनातल्या दाव्यांकडे आकड्यांच्या आणि पद्धतीच्या नजरेने पाहण्यात मानसशास्त्राच्या आणि समाजशास्त्रांच्या विद्यार्थ्यांची मोठी वाढ दिसली, बाकीच्यांची त्यामानाने कमी. बाकीचे मात्र 'जर-तर'च्या तर्कात पुढे गेले. विज्ञान विषयवाले आपल्या मुलांना "आर्ट्सला काय असतं?" म्हणून हिणवतात त्यांना हे सांगायला हरकत नाही.

यावरून आपल्या गावच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीचीही तशीच वाढ झाली असे मात्र म्हणता येणार नाही. तिथे तपासले होते तिथले ते उत्तर. इथले उत्तर हवे असेल तर इथे तपासले पाहिजे, पहिल्या वर्षाला एकदा आणि शेवटच्या वर्षाला एकदा. नुसते शेवटी तपासले तर महाविद्यालयाने शिकवले की पोरगी घरूनच चौकस आली होती, हे कळायचे नाही. आणि विद्यार्थ्यांनाच विचारले, "तुम्हाला संशोधन पद्धती समजल्या का?", आणि त्यांनी फॉर्मवर 'उत्तम' अशी खूण केली, तर तीही परीक्षा नव्हे. अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठात क्रूगर आणि डनिंग यांनी 1999 साली दाखवले की तर्क आणि व्याकरणासारख्या चाचण्यांत सर्वांत मागे असलेल्या चौथाईचे विद्यार्थी स्वतःला सरासरीच्या पुढचे समजत होते. त्याच्या कारणांवर पुढे पुष्कळ वाद झाले, पण स्वतःच्या अंदाजावर मार्क देऊ नयेत एवढे तरी त्यातून घ्यावे.

ब्रिटनमध्ये या बाबतीत एक कडक नियम आहे. तिथल्या मानसशास्त्र संस्थेची मान्यता असलेली पदवी चालवायची तर विद्यार्थ्याने शेवटच्या वर्षी स्वतः माहिती गोळा करून किंवा तपासून प्रकल्प करावाच लागतो, आणि तो पास व्हावा लागतो. दुसऱ्या पेपरचे जास्तीचे मार्क तिकडे वळवता येत नाहीत. आपल्याकडेही प्रकल्प आले आहेत. पण जिथे प्रकल्प येतो तिथे झेरॉक्सच्या दुकानात जुने प्रकल्पही येतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

त्या 'बसवलेल्या' आकड्यांकडे आम्ही पुन्हा येतो, कारण तो साधा आळस नाही. 2015 साली जगभरच्या शेकडो मानसशास्त्रज्ञांनी मिळून, नावाजलेल्या नियतकालिकांत आलेले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळच्या अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत ठळक परिणाम आल्याचे छापले होते. पुन्हा केल्यावर 36 टक्क्यांतच तो तसा आला. याचा अर्थ बाकीचे सगळे लबाड होते असा नाही. लहान नमुना, नशिबाने जुळलेले आकडे, न जुळलेले प्रयोग टेबलाच्या खणात ठेवून देण्याची सवय, अशी बरीच कारणे आहेत. पण ही सवय लागते कुठे? 'तक्ता पुन्हा कर, पुस्तकासारखा आला पाहिजे' असे ज्या दिवशी विसाव्या वर्षाच्या मुलीला सांगितले जाते, त्या दिवशी लागते. रीडिंग पुस्तकाप्रमाणे आले नाही आणि ते का आले नसावे याची दोन कारणे तिने लिहिली, तर आम्ही तिला जुळणाऱ्या तक्त्यापेक्षा जास्त मार्क देऊ.

आणखी एक गोष्ट तपासली पाहिजे, ती म्हणजे समोरच्या माणसाला कसे वागवले. दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीत कुठल्याशा कॉलेजची मुले प्रश्नावली घेऊन आली. भर दुपारी, नळावर बायकांची रांग लागलेली असताना, मोठ्याने विचारत होती, "तुमचे मिस्टर दारू पितात का? मारतात का?" एका बाईने 'नाही' म्हणून तोंड फिरवले. त्या मुलांनी कागदावर 'नाही' लिहिले आणि पुढे गेली. ते 'नाही' कसले होते हे रांगेतल्या प्रत्येकीला माहीत होते. इथे दोन चुका एकदम झाल्या. बाईची अब्रू चव्हाट्यावर आणली, आणि माहितीही खोटी मिळाली. परवानगी विचारायची, एकटीला बोलवायचे, नको असेल तर सांगू नका म्हणायचे, नाव लिहायचे नाही, हे सगळे संशोधन कौशल्यातच येते. आपल्या वस्त्या दुसऱ्यांच्या प्रकल्पांचा नमुना म्हणून नेहमीच सोयीच्या पडतात. म्हणून आपल्या घरातली पोरगी उद्या वही घेऊन कुणाच्या दारात उभी राहील तेव्हा तिला हे येते का, याचे मार्क असावेत असे आम्हाला वाटते.

हा विषय एवढा लांबवण्याचे कारण पैशाचेही आहे आणि वर्षांचेही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या आराखड्याप्रमाणे पदवीला चौथे वर्ष जोडले गेले आहे. त्या चौथ्या वर्षात संशोधनाची वाट त्यांनाच आहे ज्यांना पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक मार्क मिळतील. म्हणजे जर्नलचे, तोंडी परीक्षेचे जे चार-पाच मार्क इकडेतिकडे होतात ते आता नुसते गुणपत्रिकेवर राहत नाहीत. ते दार उघडतात किंवा लावतात. आकडे बसवणारी 76 ला पोहोचली आणि मावशीला बसवून ठेवणारी 73 ला थांबली, तर संशोधनाला कोण गेले?

भाऊंनी त्या दिवशी आम्हाला विचारले होते, "आमच्यासारख्यांनी काय करायचं? आम्हाला त्यातलं काय कळतं?" आम्ही त्यांना म्हटले, भाऊ, तिला जर्नल वाचून दाखवायला सांगा, आणि मधूनमधून चार गोष्टी विचारा. किती जणांना विचारलंस? ती माणसं कुणी निवडली? ज्यांना काही दिलं नाही त्यांचं काय झालं? दुसरं काही कारण असेल का? याला दहावी पास असण्याचीही गरज नाही. नवे औषध घेऊन कुणी दारात आले की तुम्ही हेच विचारता. तिला उत्तर येत असेल तर तिचे शिक्षण चालू आहे, मार्क काही असोत. आणि नसेल येत तर पंच्याऐंशी मार्कांवरही पेढे वाटण्याची घाई करू नका. भाऊ हसले, पण वहिनींना ते पटले नाही. म्हणाल्या, "मार्क तर लागतातच ना भावजी. नोकरीवाला मावशीला विचारायला येणार आहे का?"

त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. वहिनींचे खरेच आहे. म्हणून मुलीला आम्ही सुचवले की पुस्तकातला प्रयोग पुस्तकाप्रमाणे, पण खऱ्या आकड्यांनी लिही, आणि शेवटी एक जादा पान लाव. मावशीचे. नमुना दोघींचाच आहे हे स्वतःच लिही, म्हणजे कुणाला ते तुला सांगावे लागणार नाही.

तिने मात्र आमचे अर्धेच ऐकले. दोघींवर ती थांबायला तयार नव्हती. वीस जणी पाहिजेत म्हणाली, दहा सरावाच्या आणि दहा बसण्याच्या. कोण कुठल्या गटात जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, नाहीतर मोकळा वेळ असलेल्या सगळ्या सरावाच्या गटात जातील आणि कामाच्या घाईतल्या बसण्याच्या. गेल्या महिन्यात पुन्हा जाणे झाले तेव्हा अकरा झाल्या होत्या. आरसा अजून भिंतीवर परत लागलेला नव्हता, आणि भाऊ दाढी करायला शेजाऱ्यांकडे जात होते.